नावेखालची चौकी

प्रभावतीने ट्रकचा जॅक नावेच्या पुढच्या टोकाखाली सरकवला आणि दांड्यावर सगळं अंग टाकलं. नाव करकरत वितभर उचलली गेली. मागच्या टोकाला काशीनाथ मल्लाहाने, तिच्या नावाड्याने, दुसरा जॅक लावला होता. दोघांनी आपापले लाकडी ठोकळे आत सारले.

ओसरता पूर ही नाव ब्रह्मा घाटाच्या चबुतऱ्यावर एका कुशीवर टाकून गेला होता. अशीच उन्हात राहिली तर फळ्या फाटणार, मग ती फक्त चुलीच्या लायकीची. नवऱ्यामागे प्रभावतीच्या मालकीचं एवढंच उरलं होतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना ती काशीनाथकडून घाटोघाटचं दर्शन घडवी आणि स्वतःचं पोट भरी. नेमकं हेच तिच्या दिराला, गोपीनाथभटजींना, खुपत होतं. वरच्या पायरीवर छत्री उघडून ते उंटावरून शेळ्या हाकत होते.

"वहिनी, लोक हसताहेत. मी जळाऊ लाकडाच्या टालवाल्याला सांगून ठेवलंय, तोडून नेईल. घरात तुम्हांला पोळी कमी पडते का?"

"पोळी मिळते, भावजी. पण मागावी लागते."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

तेवढ्यात नावेच्या पोटातून काडकन आवाज आला. प्रभावतीने खाली हात घातला. मध्ये नुसती पोकळी! दोन्ही टोकं सरळ झाली याच आनंदात ती होती; सगळा भार मधल्या कण्यावर लोंबकळतोय हे तिने पाहिलंच नव्हतं. छे, चूक तिचीच. तिसरा ठोकळा तर नव्हता.

तिने आजूबाजूला पाहिलं. पलीकडे गोपीनाथांची बसायची चौकी होती, जाड शिसवीची, बुटक्या पायांची. घराण्याचे उपाध्ये पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर बसत, यजमान तिच्यावरूनच त्यांना शोधत. दोघे भाऊ पाळीपाळीने बसायचे. नवरा गेल्यावर त्याच्या पाळीचं तिला कुणी विचारलंही नाही.

"काशी, उचल ती."

"बाईजी, वो तो पंडितजी की..."

"उचल म्हणते ना!"

चौकी नावेखाली गेली. प्रभावतीने तिच्या पोटात दगड भरले, वरच्या फटीत पाचर ठोकली आणि जॅक हळूहळू उतरवले. नाव सरळ बसली. आता आवाज नव्हता.

गोपीनाथ धावत खाली आले.

"डोकं फिरलंय का? माझी चौकी आहे ती!"

"अर्धी आमच्या ह्यांची."

"आधी काढा!"

"काढा ना तुम्ही. फक्त तेवढा वेळ नाव कुणीतरी धरा."

गोपीनाथांनी वाकून चौकीचा पाय धरला. वर टेकलेल्या नावेकडे पाहिलं आणि हात सोडला.

"गुरुजी, तुम्हीच ना नागपूरकरांचे उपाध्ये?" मागून कुणीतरी विचारलं. एक म्हातारे यजमान होते, सोबत त्यांची बायको. "चौकी ओळखली बघा. आता इथे बसता होय?"

यजमानांपुढे भांडण शोभलं नसतं. गोपीनाथांनी छत्री मिटली आणि चौकीशेजारी फरशीवर मांडी घातली. म्हाताऱ्यांच्या बायकोने नावेवरून हात फिरवला.

"आम्हांला घाट बघायचेत सगळे. नावेचं कुणाला विचारायचं?"

गोपीनाथांनी पिशवीतून पंचांग काढलं आणि दोन पानं उलटली.

"वहिनींना विचारा. नाव त्यांची आहे."

प्रभावतीने पदराला हात पुसले.

"पुढच्या खेपेला या. भेगा बुजवून डांबर लावीन, मग पाण्यात सोडीन," ती म्हणाली. "तोवर भटजी इथेच भेटतील. खाली बसलेले."