पेटी नंबर चार

रुचाने शेवटच्या बरणीवर लेबल चिकटवलं आणि ती ओट्यापासून बाजूला झाली.

"आता बघा आई. जे रोज लागतं ते समोर, बाकी सब ऊपर. करा चहा, मी टाइम बघते."

मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवण्याची तिची नोकरी. वृंदावन योजना वसाहतीतल्या या घरात सून म्हणून येऊन चारच महिने झाले होते, आणि सासूबाईंचे श्रम वाचावेत असं तिला मनापासून वाटत होतं.

कांताबाईंनी मात्र फळीवर हात फिरवला; त्यांचे स्टीलचे डबे जाऊन तिथे काचेच्या बरण्या आल्या होत्या. नवऱ्याच्या, भाऊरावांच्या, एअरफोर्सच्या नोकरीत त्यांनी नऊ क्वार्टर बदलली होती. दर बदलीला स्वयंपाकघराच्या सामानाची पेटी नंबर चार उघडायची आणि डबे ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फळीवर लावायचे. घर बदललं तरी हात चुकायचा नाही. गेलं वर्षभर त्या याच क्रमावर स्वयंपाक रेटत होत्या. एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, दुसऱ्यात नुसतं धुकं. घरात कळलं असतं तर काळजीपोटीच, पण स्वयंपाकघरातून त्यांची उचलबांगडी झाली असती. ते त्यांना सोसवलं नसतं.

त्यांनी एक बरणी उघडली, हुंगली, बंद केली. मग दुसरी. मग तिसरी.

"अरे, लेबल तर वाचा! इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलंय," रुचा हसली.

"वाचलं गं. सवय आपली."

चौथ्या बरणीतला कण त्यांनी जिभेला लावला. 'साखर' लिहिलेलं लेबल अगदी त्यांच्या नाकासमोर होतं. रुचाचं हसू मावळलं. तिने फोन खाली ठेवला आणि किती वेळ लागला ते सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई आंघोळ करून आल्या, तेव्हा स्वयंपाकघरात खडखड चालली होती. आवाज स्टीलच्या डब्यांचा होता, काचेच्या बरण्यांचा नव्हता.

"आई, पेटीच्या झाकणात यादी चिकटवलेली आहे ना, तसंच परत लावलंय. बाबांनी दाखवली." रुचाने एक डबा उघडला, बंद केला. "पण हळद मिळत नाहीये यार."

"समोरच तर असेल."

कांताबाई पुढे झाल्या. त्यांचा हात रुचाच्या गालाला लागला, मग वर सरकला. तिने डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधलेली होती.

त्यांना रडू आलं, थोडा रागही आला. मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि फळीवरून दोन डबे पुढे नेला.

"ही हळद," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरकडे तू चल माझ्याबरोबर."