निम्म्या पैशांतला पंप

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. मोडका मात्र म्हणू नका. मी मुठीएवढा पाण्याचा पंप आहे. कारखान्यातून निघालो तो थेट विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या कूलरमध्ये जाऊन बसलो. सात उन्हाळे मी गवताच्या जाळ्यांवर पाणी सोडलं. वाचायला येणारे म्हणत, "काय गार वाटतंय इथे!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे ग्रंथालयात एसी आला. कूलरची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली आणि त्याच्या पोटात मीही धूळ खात पडलो.

समोरच्याच इमारतीत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथल्या परिचर मावशी वीस वर्षं काचेची भांडी धूत आल्या होत्या. मुलं द्रव उकळवत आणि त्याची वाफ पुन्हा गार व्हावी म्हणून काचेच्या नळीभोवती नळाचं पाणी खेळवत. ते स्वच्छ पाणी तिथून सरळ बेसिनमध्ये जाई. बारा नळ, रोज चार तास! मावशींच्या स्वतःच्या घरी पाणी एक दिवसाआड येई. हे वाहून जाणारं पाणी त्यांच्या जिवाला फार लागे.

एकदा विद्यापीठाने पर्यावरणाच्या छोट्या कामांसाठी निधी जाहीर केला. आवारातल्या कुणीही अर्ज करावा, असं सूचनेत होतं. मावशींनी 'कुणीही' हा शब्द दोनदा वाचला आणि अर्ज भरला: एक पिंप, एक पंप, थोडी नळी. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं, एवढी साधी गोष्ट.

निधी समितीच्या अध्यक्षांना सगळे पाठीमागे कात्रीसर म्हणत, कारण येईल त्या अर्जातली रक्कम ते निम्मी करत. म्हणून शहाणे लोक आधीच दुप्पट मागत. मावशींना हे कोण सांगणार? त्यांनी दुकानात विचारून लागतील तेवढेच पैसे मागितले होते. सरांनी सवयीने ते निम्मे केले.

"सर, एवढ्यात पंप येत नाही हो," मावशी म्हणाल्या.

"भागवा कसंतरी. महिनाभरात चालवून दाखवा, नाहीतर मंजुरी रद्द."

"आणि रद्द झाली तर पुन्हा अर्ज करता येईल?"

"एका कामाला एकदाच."

पिंप आणि नळी घेण्यातच पैसे संपले. मग मावशींनी विद्यापीठाच्या वायरमनकाकांना जुना पंप शोधून द्यायची गळ घातली. काकांनी अडगळीतला कूलर उघडला, तेव्हा मी क्षारांनी पांढराफटक पडलो होतो. त्यांनी मला दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं, घासलं, वायर जोडली. मी आधी खोकलो, मग थुंकलो आणि फिरू लागलो. मित्रांनो, तो आनंद काय सांगू!

पण मुदतीचे चार दिवस उरले असताना माझी फजिती झाली. मला पिंपात सोडून नळ्या जोडल्या, पण तासाभरात पिंपातलं पाणी कोमट झालं आणि नळ्यांतून वाफ निसटू लागली.

"याच्यात दम नाही राहिला, मावशी," काका म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींनी पाण्यात बोट बुडवलं. "अहो, हा बिचारा पाणी चढवतोय की! पाणीच तापतंय, त्याला तो काय करणार? कूलरमध्ये कसं राहायचं गार?"

"जाळीवरून गळायचं, वाऱ्याने गार व्हायचं."

"मग जाळी कुठंय?"

काका अडगळीकडे धावलेच. मावशींनी पिंप खिडकीशी सरकवलं, त्यावर गवताची जाळी बांधली आणि परत येणारं पाणी तिच्यावरून ठिबकू दिलं.

शेवटच्या दिवशी कात्रीसर आले आणि खुर्ची टाकून बसले. बारा नळ्यांवर मुलांचं काम सुरू होतं. एक तास गेला, दुसरा गेला. मावशी पुसलेलंच टेबल पुन्हा पुसत होत्या. तिसऱ्या तासाला सर उठले. त्यांनी बेसिनमधून हात फिरवला; ठणठणीत कोरडं. मग पिंपात बोट घातलं; पाणी गार.

"मावशी, चुकलो मी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "कापलेले पैसे देतो. नवा पंप आणा."

"नवा कशाला? हा आहे की चांगला!" मावशी म्हणाल्या. "त्या पैशांत शेजारच्या प्रयोगशाळेत दुसरं पिंप बसवा."

हे ऐकून माझी छाती पिंपाएवढी झाली!

आता तीन वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडंच आहे. माझ्यासारख्यांची गाळणी आठवड्याला धुवा, आम्हाला कोरडं चालवू नका आणि एखादी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिला एकदा नीट तपासून पाहा.

सरांनी पिंपावर एक पाटी लावून घेतली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'कल्पना: प्रयोगशाळा परिचर'. मावशी रोज सकाळी आल्या की आधी ती पाटी पुसतात आणि मगच माझं बटण दाबतात.