वनमालाच्या टेबलावरची मोजणीची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी. लोकांनी माझ्या अंगावर लिहिलं तेवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर मी एका बाईची नोकरी वाचवली, आणि हे सांगायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली जोगेश्वरीच्या एका गॅस एजन्सीत कॉम्प्युटर आला. त्याच्या पोटात दोन तक्ते: एकात गिऱ्हाइकं, दुसऱ्यात त्यांनी लावलेले नंबर. खिडकीशी कोणी "माझा सिलिंडर कधी?" विचारलं की वनमाला कार्डावरचा आकडा टाइप करी, आणि मशीन दोन्ही तक्ते जुळवून तारीख सांगे. सुरुवातीला झकास चाललं. मग गिऱ्हाइकं वाढली आणि रांग पानाच्या टपरीपर्यंत गेली.

"अगं बाई, एवढ्यात स्टोव्हवर माझी डाळ शिजली असती!" सुंदराबाई रांगेतून ओरडायची.

मालक विद्याधरसाहेब म्हणाले, "वनमाला, तुझी बोटंच चालत नाहीत. एक तारखेपासून दुसरी मुलगी बसवतो."

ती रडली नाही. "साहेब, आधी मशीन तपासा ना," एवढंच बोलली.

तपासायला अंधेरीहून कॉम्प्युटरवाल्या कंपनीची उत्तरा आली. साहेबांनी मला तिच्यापुढे आपटलं. "दिवसाचा रिपोर्ट अर्धा तास खातो. वेळेचा एक चोर तो, आणि दुसरी ही!" त्यांनी वनमालाकडे बोट दाखवलं.

माझ्यात तोवर रिपोर्टला लागलेला वेळच तेवढा लिहीत. मोठं दिसेल ते लिहायचं, बारीक सोडायचं, ही शहाण्यांची खोड.

उत्तरा म्हणाली, "वनमाला, उद्या प्रत्येक प्रश्न लिही. घड्याळ बघून."

दुसऱ्या दिवशी माझी चार पानं भरली. रिपोर्ट एकदाच, अर्धा तास. "सिलिंडर कधी?" एकशे ऐंशी वेळा, दर खेपेला मशीनचे चाळीस सेकंद. म्हणजे दोन तास! उत्तराने आत बघितलं, तर एक आकडा शोधायला मशीन दर वेळी पहिल्या गिऱ्हाइकापासून अख्खी यादी चाळत होतं.

उत्तराने आकड्यांची सूची बांधली, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. चाळिसाचे दोन सेकंद झाले. रिपोर्टला तिने हातही लावला नाही.

साहेब वनमालाकडे न बघता म्हणाले, "एक तारखेला वेळेवर ये."

"मी रोजच वेळेवर येते, साहेब."

मग मला कपाटावर टाकलं. मशीन पळतंय, आता कशाला मोजायचं? मित्रांनो, ही चूक करू नका. गिऱ्हाइकं वाढतात, नवे प्रश्न येतात. अधूनमधून वही उघडा, किती वेळ आणि किती वेळा, दोन्ही लिहा. आणि कष्टाच्या बाईला मंद म्हणायचं असेल, तर आधी घड्याळ लावा.