वरच्या खोलीचं भाडं

“टेप ताणून धर गं. सैल सोडलीस, तर भिंत उगाच लांब होते.”

नवऱ्याचं हे बोलणं तिच्या कानात इतकं मुरलं होतं, की टेपचं टोक हातात आलं तशी ती आजही सावरून उभी राहिली. नवरा गवंडी होता. वरची खोली त्याने सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधली होती. आता तो नव्हता, आणि टेपच्या दुसऱ्या टोकाला धाकटा दीर होता.

“भावजी, ताणा जरा.”

“अहो वहिनी, आणखी ताणलं तर भिंतच येईल हातात!”

ती हसली. घरपट्टीची नोटीस आल्यापासून हसू विसरलीच होती ती. घर तेच, भिंती त्याच, आणि कर मात्र दुपटीच्याही वर. मोजणीवाला येऊन गेला तेव्हा ती इस्पितळात, टेलिफोन ऑपरेटरच्या कामावर होती. त्याने घाईत मापं घेतली असणार, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. घराच्या बाबतीत दुसरं काही चुकू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

दिराचं दुकान बुडालं तेव्हा नवरा त्याला म्हणाला होता, “वर ये राहायला, त्यात काय विचारायचं!” तेव्हापासून दीर आणि जाऊ वरच होते. भाड्याचा विषय कधी निघाला नाही. निघाला असता तर तीच लाजली असती.

“खिडकीचा कोनाडा धरू नका, वहिनी. तेवढंच कमी भरेल.”

“नको भावजी. आहे ते आहे.”

त्याने मान डोलावली आणि वाकून पुढच्या भिंतीला टेप लावली.

तिच्या तक्रारीवरच्या सुनावणीच्या दिवशी तो बरोबर येणार होता. पण सकाळी पोट धरून जिन्यात बसला. “तुम्ही व्हा पुढे, वहिनी. माझं काही खरं नाही आज.” तिने त्याला ओवा दिला आणि एकटीच निघाली.

कचेरीत साहेबांच्या टेबलापुढे तिने आपला नकाशा पसरला. इस्पितळात तिचा मऊ आवाज साऱ्यांना ओळखीचा होता. इथे पंख्याच्या घरघरीत तो कुणाला ऐकूही जाईना.

“जरा मोठ्याने बोला, बाई.”

“माप चुकलंय म्हटलं, साहेब.”

बाजूच्या खुर्चीत मोजणीवाला बसला होता. त्याने नकाशावर नजर टाकली. “माप बरोबर आहे की. तुमचं आणि माझं अगदी जुळतंय.”

“मग कर कसा वाढला?”

“वर भाडेकरू आहे ना! भाड्याच्या जागेला दर वेगळा लागतो.”

“आमच्याकडे भाडेकरू नाही हो. दुसरं घर असेल ते.”

“तेच घर. वरचे गृहस्थ नाहीत का, चष्म्याला दोरी बांधलेले? फार अगत्याचे. चहा दिला मला. मी विचारायच्या आधीच म्हणाले, मी इथला भाडेकरू, दर महिन्याला भाडं हातात देतो. सहीसुद्धा दिली.”

ती दोरी तिनेच ओवून दिली होती.

“ते माझे दीर आहेत,” ती म्हणाली.

“भाडं घ्यायचं, आणि कर आला की नातं काढायचं!” मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. तिच्या कानशिलांना चटका बसला. इतक्या वर्षांत तिला खोटारडी म्हणायची वेळ कुणावर आली नव्हती.

साहेब मात्र हसले नाहीत. “हे बघा, ते खोटं बोलले असतील तर त्यांना इथे येऊन तसं सांगू दे. मी लगेच कर कमी करतो. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.”

ती जवळजवळ धावतच घरी आली. घाबरून काहीतरी बोलून गेला असेल बिचारा, असं ती वाटभर स्वतःला समजावत होती. दीर पायरीवर चष्मा पुसत बसला होता. पोट बरं दिसत होतं.

“भावजी, उद्या कचेरीत चला. एवढंच सांगा, की भाडं देत नाही.”

तो चष्मा पुसतच राहिला.

“भावजी!”

“एकदा लिहून दिलंय, वहिनी. आता फिरवलं तर मी कुठला उरलो?”

“म्हणजे?”

“भाडेकरूला कुणी असं एका दिवसात काढू शकत नाही. माहीतगाराने सांगितलं मला. उद्या तुम्ही नसलात, तर तुमची लेक ठेवणार आहे का आम्हाला?”

“तुमच्या मांडीवर वाढली ती.”

“वाढली. आता तिला नवरा आहे.”

तिने विचारलं, “दोन दिवस टेप धरून माझ्यासोबत मापं घेतलीत. तेव्हा सगळं ठाऊक होतं तुम्हाला?”

“तुमचा उत्साह बघून बोलवेना.”

बाकीचं एक वेळ गिळता आलं असतं, हे नाही. तो बोलत होता, थट्टा करत होता, कोनाडा वगळायचा सल्ला देत होता, आणि ती मनोमन म्हणत होती, भाऊ असावा तर असा. आता कधी न घेतलेल्या भाड्यावरचा कर भरायला तिला खरोखरच भाडेकरू ठेवावा लागणार होता.

खोली रिकामी करा, हे शब्द तिच्या ओठांवर आले, तोच जिन्याचा कठडा चाचपत जाऊ उतरली. मोतीबिंदूने तिचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते.

“आलात का ताई? माप बरोबर निघालं ना? ह्यांना म्हटलंच मी, ताईंचं माप चुकायचं नाही.”

“बरोबर निघालं,” ती म्हणाली.

“बाई गं! सुटलो सगळे.” जावेने अंदाजाने तिचा हात शोधला. “ताई, उद्या डोळ्याचं ऑपरेशन. ह्यांना रक्ताचं नुसतं नाव ऐकूनच घेरी येते. माझी पट्टी सुटेपर्यंत तुम्ही बसाल का हो जवळ? अंधाराची फार भीती वाटते मला.”

दिराने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा होती.

“बसेन,” ती म्हणाली. “शब्द दिला.”

जाऊ वर गेल्यावर ती दिराकडे वळली. आवाज नेहमीचाच होता, मऊ.

“तिला दिसायला लागलं, की दुसरी जागा बघा. मी काढत नाही, तुम्हीच जायचं. आणि का जायचं, ते तिला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.”

तो पुन्हा चष्मा पुसू लागला.

सकाळी ती जिन्याखाली येऊन थांबली. दीर एका हाताने बायकोला धरून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन उतरला आणि चपला शोधू लागला. तिने पिशवी त्याच्या हातातून घेतली. “तुम्ही थांबा घरीच, भावजी.”

“हे येत नाहीत?” जावेने विचारलं.

“त्यांना कचेरीत जायचं असेल तर वेळ हवा,” ती म्हणाली. दीर जमिनीकडे बघत राहिला.

तिने जावेचा हात आपल्या कोपरात घट्ट घेतला.

“पुढे दगड निघालाय. माझ्या बाजूने ये.”

दोघी हळूहळू रस्त्याला लागल्या.