मी सतरंजी आणि तो निळा सदरा

इकडे बघा, पलंगावर. मी बोलतेय, ही चिंध्यांची सतरंजी. फिनलंडमधल्या सावोनलिना गावात, तळ्याकाठच्या एका घरात माझा जन्म झाला. बायका सवतीवर जळतात म्हणे. मी एका सदऱ्यावर जळत आले, आणि ते लपवावं असं मला कधी वाटलं नाही.

मला विणलं हिल्काने, घरच्या मागावर. तिचा नवरा तौनो दुधाची गाडी चालवायचा. त्याच्या सदऱ्यांची कोपरं विरली की ती त्यांच्या पट्ट्या कापायची. ती कात्री घेऊन आली की तौनो ओरडायचा, "अगं, मला आधी बाहेर तरी येऊ दे! माणसासकट विणतेस की काय?" असे त्याचे कितीतरी सदरे माझ्यात आले. करड्या रेघांचा, हिरवा, लाल चौकड्यांचा. घरातली सगळी अडगळ पोटात घालून मी झोपायच्या खोलीत, कपाटासमोर आडवी झाले आणि वर्षानुवर्षं सगळ्यांचे पाय झेलले.

तौनो गेला तेव्हा इस्पितळातून त्याचा निळा सदरा पिशवीतून घरी आला. तो तिने कापला नाही, धुतलासुद्धा नाही. कपाटात हँगरला लावला. रोज सकाळी चुलीवर कॉफी ठेवली की ती कपाट उघडायची आणि त्याच्या कॉलरला नाक लावून उभी राहायची. कुठे उभी राहायची? माझ्यावर!

अहो, तौनो काय त्या एकट्या सदऱ्याचा होता? मला मात्र दर उन्हाळ्यात तळ्याच्या धक्क्यावर नेऊन पाइनच्या साबणाने खसाखसा घासायचं, मग अंगणातल्या दांड्यावर टाकून काठीने बडवायचं. त्याला हुंगायचं नि मला बडवायचं, हा कुठला न्याय? मला पाय नाहीत म्हणून, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

या वर्षी हिल्काने घर सोडून लेकीजवळ एका खोलीत राहायला जायचं ठरवलं. लेक मेर्वी आवरायला आली. तिचं काम चोख. तीन ढीग केले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.

"आई, हे एवढे डबे कशाला?"

"चांगले आहेत गं. झाकणं बसतात त्यांना."

"मग झाकणं कुठायत?"

"तीच तर शोधायचीयत."

डबे गेले. पाठोपाठ जुने पडदे, चादरी, चिंध्यांची टोपली, मागसुद्धा गेला. मग मेर्वी माझ्याकडे वळली.

"सतरंजी न्यायची नाही. काठ उसवलाय, पाय अडकून पडशील. तुला तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलंय, जमिनीवर काही नको."

"आणि तुझ्या बाबांचा सदरा?"

"तिथलं कपाट एका दाराचं आहे, आई. काहीतरी एकच आठवण ठेव."

हिल्काने क्षणभरही विचार केला नाही. "सदरा," ती म्हणाली.

मी इतकी जळले की माझा धूर कसा निघाला नाही, याचंच नवल.

मे महिन्यातल्या सफाईच्या दिवशी सगळ्या गावाने आपापली अडगळ अंगणात मांडली, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. मला दांड्यावर टाकलं. एका तरुण जोडप्याला मी आवडले. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत घालू, म्हणाले. मग त्या मुलीचा हात माझ्या काठावर गेला. "छान आहे हो, पण उसवलीय."

हिल्काला ते लागलं. "उसवलेली वस्तू मी कुणाच्या हातात देत नाही. कॉफी पिऊन या, तोवर नीट करते."

मला घेऊन ती घरात आली. "मेर्वी, एक चिंधी दे गं."

"चिंधी? आता कुठली चिंधी? बघ ना, घर कसं लख्ख झालंय!"

खरंच, घरात बोटभर चिंधी उरली नव्हती. हिल्का कपाटासमोर उभी राहिली. मग तिने तो सदरा खाली काढला. "खालची पट्टी तेवढी घेते," ती स्वतःशीच म्हणाली. "ती तशीही पँटमध्ये खोचलेली असायची." कात्री चालली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

जमिनीवर बसून ती निळी पट्टी माझ्या काठात ओवू लागली आणि तिचा हात थांबला. शेजारी लाल चौकडी होती. "हा मेर्वीच्या बारशाला घातलेला," ती हळूच म्हणाली. "आणि हा हिरवा, होडीला डांबर लावताना बरबटलेला." गुडघ्यांवर सरकत सरकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. इतकी वर्षं माझ्यावर उभी राहिली, पण खाली कधी बघितलं नव्हतं बाईने. ती रडत होती आणि हसतही होती. मग तिने तो सदरा ओढला आणि बाह्या, पाठ, कॉलर, सगळ्याच्या पट्ट्या करून माझ्या काठात ओवल्या.

"आई! अगं, बाबांचा सदरा!"

"त्याला एकट्याला कपाटात किती दिवस लटकवू? बाकीचे सगळे इथे आहेत."

त्या जोडप्याला वेलचीचा गोड पाव देऊन परत पाठवलं.

"पण जमिनीवर नको म्हटलं ना!" मेर्वी कुरकुरली.

"जमिनीवर कोण घालतंय? पलंगावर घेईन."

म्हणून आता मी पलंगावर असते. कुणाचा पाय नाही, काठी नाही. पण माझं सुख बघा: हिल्का मला पांघरते ती नेमका निळा काठ नाकाशी घेऊन! यंदा उन्हाळ्यात मेर्वी मला धक्क्यावर न्यायला निघाली, तर हिल्का म्हणते कशी, "नको, वास जाईल." माझा नव्हे हो, त्याचा. म्हणजे माझं बडवणं टळलं तेही त्याच्या कृपेने.

मेर्वीबाई, तुम्ही एवढ्या टापटिपीच्या. एकदा गुपचूप मला तळ्यावर न्या आणि त्या काठाला चांगला साबण लावा. एवढं एकच मागणं आहे.

नाहीतर राहू द्या. काल दुपारी हिल्का झोपेत पुटपुटली, "तौनो, सरक ना जरा तिकडे."

त्या निळ्याला काही ऐकू गेलं नाही. सरकले ती मी.