बिनधुराचा निखारा

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, सहलीला नेऊन उघड्यावर मांस आणि भाज्या भाजतात ना, तसली. जुनी म्हणायचं ते वयानं. वापर मोजलात तर मी जवळजवळ नवीच निघेन, कारण उभ्या आयुष्यात मला फक्त तीन वेळा पेटवलं गेलं. पहिल्या दोन वेळांचं सांगताना माझी छाती आजही फुगते. तिसऱ्या वेळेचं सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण त्यासाठीच तर मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. दाबयंत्रानं एका दणक्यात मला गोल पोट दिलं. मग तीन रुंद पाय आले, तारेची जाळी आली, राख पडायला खाली एक ताटली आली आणि लाकडी मुठीचं झाकण आलं. पोटाच्या दोन्ही बाजूंना हवेची भोकं होती, सरकत्या पट्टीनं उघडता आणि मिटता येणारी. वर काळा रंग. रूपाचा तोरा मिरवावा असं काही माझ्याकडे नव्हतं, पण अंगानं मी भक्कम होते.

तिथून मी एका दुकानात गेले. तंबू, दोऱ्या, कंदील, घडीच्या खुर्च्या असा सगळा सहलीचा माल तिथं होता. माझ्या डाव्या हाताला गॅसवर चालणारी एक गलेलठ्ठ शेगडी होती आणि उजवीकडे एकदाच वापरून फेकायच्या पातळ पत्र्याच्या बशांची चळत. एके दिवशी एक उंच, वाकलेले गृहस्थ आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आले. पस्तीस वर्षं ते एका बेकरीत भट्टीपुढे उभे होते, म्हणून सगळे त्यांना भट्टीकाका म्हणत. त्यांच्या दोन्ही हातांवर भुवईएवढेही केस नव्हते. सगळे भट्टीनं खाल्लेले. बहीण ठेंगणी, चष्म्यातून वर बघणारी. काका तिला ताई म्हणायचे आणि ती त्यांना धाकट्या म्हणायची, काकांनी साठी ओलांडली होती तरीसुद्धा.

आईबाप लवकर गेले तेव्हा ताईनं लोकांचे कपडे शिवून या भावाला वाढवलं होतं. तिनं लग्न केलं नाही, आणि मौजेसाठी म्हणून एक रात्रही घराबाहेर काढली नाही. काकांनी काम सोडलं आणि ठरवलं की हिला चार दिवस तळ्याकाठी न्यायचं, आयते घास भरवायचे, हिला सुईला हात लावू द्यायचा नाही. त्यासाठी त्यांना शेगडी हवी होती.

दुकानवाल्या बाई माहीतगार होत्या. "या बशा स्वस्त, पण खालचं गवत जाळतात," त्या म्हणाल्या. "गॅसची लवकर पेटते, पण सिलेंडर वागवायचा, नळी तपासायची. दोघंच आहात ना? मग ही घ्या. पाय रुंद आहेत, कलंडायची नाही. झाकण आहे, ठिणगी उडायची नाही." काकांनी माझ्या पोटावर बोटानं टकटक केली, पाय हलवून पाहिले, जाळी उचलून पाहिली आणि मान डोलावली. मला निवडलं. स्वतःचं इतकं कौतुक मला पुन्हा कधी वाटलं नाही.

माझ्या मुठीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. बाईंनी ती बोटानं दाखवली. "एवढं मात्र वाचा. फक्त उघड्यावर वापरायची. तंबूत न्यायची नाही, विझली असं वाटलं तरी नाही."

काका हसले. "बाई, निखारा मला नका शिकवू. धूर असेपर्यंत तो वैरी. धूर गेला की गाय."

बेकरीत ते खरंच होतं. धूर सरेपर्यंत पाव आत घालायचा नाही, हा तिथला नियम. पण त्या भट्टीला दोन मजले उंच धुराडं होतं, हे सांगायचं काकांच्या मनातही आलं नाही. पस्तीस वर्षं डोक्यावर असलेली गोष्ट कोण बघतं?

घरी आल्यावर मी खोलीच्या कोपऱ्यात बसून तयारी बघत होते. तंबू कुणाकडून तरी जुना घेतला होता. त्याच्या माथ्याशी जाळीच्या दोन खिडक्या होत्या. ताईला डासांचा तिटकारा आणि वाऱ्याचा त्याहून. तिनं तंबू मांडीवर घेतला आणि दोन्ही जाळ्यांवर जाड कापडाची ठिगळं बसवली. टाके इतके बारीक की सुईला परत शिरायला जागा नाही. "बघ धाकट्या, आता वाऱ्याची काय बिशाद," ती म्हणाली, आणि काकांनी ठिगळावर हात फिरवून म्हटलं, "तुझ्या हाताला तोड नाही."

एकाला निखारा कळत होता, दुसरीला कापड. दोघंही आपापल्या कामात वाकबगार. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

पहिले दोन दिवस फार सुखाचे गेले. काकांनी मला तंबूपासून दहा पावलांवर, सपाट जागी ठेवलं. आजूबाजूचं वाळकं गवत उपटलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली. रॉकेलचा थेंबही न घालता, कागद आणि बारीक काटक्यांवर कोळसे हळूहळू फुलवले. मग जाळीवर बटाटे आले, मक्याची कणसं आली, तळ्यातला मासा आला. ताई पाण्यात पाय सोडून बसायची आणि काका तिला ताट नेऊन द्यायचे. "मला काही काम दे रे," ती म्हणायची. "गप बस," काका म्हणायचे. ती हसायची तेव्हा तिचा चष्मा नाकावरून घसरायचा.

तळ्याकाठी इतरांचेही तंबू होते, आणि त्या जागेची एक राखणदारीण होती. ऊन कलतं झालं की ती झारी घेऊन निघायची. प्रत्येक शेगडीत पाणी ओतायचं, काठीनं राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, आणि हाताची उलटी बाजू पत्र्याला लावून बघायची. "विझलीय हो," लोक सांगायचे. "सगळेच असं सांगतात," ती म्हणायची आणि ओतायचीच. काकांना ते फारसं आवडलं नव्हतं. दोन्ही दिवस ती माझ्याही पोटात झारी रिकामी करून गेली.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि गार वारा सुटला. ताई त्या दिवशी जरा जास्तच वेळ पाण्यात बसली होती. तिला हुडहुडी भरली. काकांनी तिला दोन पांघरुणं दिली, तरी तिचे दात वाजतच होते. काकांचा जीव कासावीस झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात धुराची रेघही नव्हती, कोळशांवर पांढरी राख बसली होती. त्यांनी हातमोजे घातले, मला उचललं आणि तंबूत नेलं.

तरी किती जपून. खाली सपाट दगड ठेवला. कापडापासून मला हातभर लांब ठेवलं. झाकण लावलं, ठिणगी उडू नये म्हणून हवेची भोकं अर्धी मिटली. आगीची सगळी काळजी त्यांनी घेतली. हवेची घेतली नाही.

"आता ऊब येईल. पड जरा," ते म्हणाले. "मी भांडी धुऊन येतो." त्यांनी तंबूच्या दाराची चेन वरपासून खालपर्यंत ओढली आणि ते नळाकडे गेले. नळ पार दुसऱ्या टोकाला होता.

मित्रांनो, मला तेव्हा बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. ताईचे दात वाजायचे थांबले. तिनं माझ्याकडे तळवे पसरले. मला वाटलं, आज मी खऱ्या अर्थानं घरातली झाले. पण निखाऱ्यातून धुराखेरीज आणखीही काही निघतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. कोळसे राखेखाली कोंडले की तो जास्तच निघतो. उघड्यावर तो वाऱ्यानं निघून जातो. त्या तंबूत मात्र त्याला जायला वाट नव्हती, कारण ताईचे टाके पक्के होते.

"डोकं जड झालंय," ती स्वतःशीच म्हणाली. तिला वाटलं, सर्दीनं असेल. मग तिनं उठायचा प्रयत्न केला आणि तिचे गुडघेच दुमडले. ती बसली, मग आडवी झाली. चष्मा तसाच डोळ्यांवर होता. मला ओरडायचं होतं, कलंडायचं होतं, काहीतरी करायचं होतं. पण मी न कलंडणारी म्हणूनच निवडलेली होते.

बाहेर राखणदारीण झारी घेऊन आली. माझ्या जागी तिला तीन पायांच्या खुणा दिसल्या आणि मी दिसले नाही. काका भांडी घेऊन परत येत होते.

"शेगडी कुठंय तुमची?"

"आत ठेवलीय. विझलेलीच आहे."

"आत कोण आहे?"

काका उत्तर देईपर्यंत तिनं झारी टाकली होती. तिनं दाराची चेन फाडल्यासारखी ओढली, श्वास रोखून आत शिरली आणि ताईच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर नेलं. काकांच्या हातातली भांडी गवतात पडली. "ताई, ए ताई," ते म्हणत राहिले. ती श्वास घेत होती, पण ओ देत नव्हती. मग कुणीतरी मला बाहेर फेकलं आणि मी पहिल्यांदा कलंडले.

ताई नऊ दिवस दवाखान्यात होती. जीव वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तिच्या आठवणींना भोकं पडली. ती सुईत दोरा ओवते आणि मग विचारते, मी काय शिवत होते रे? आणि ते तळ्याकाठचे तीन दिवस तर पार पुसले गेले. आयुष्यात एकदाच भोगलेलं सुख, तेही तिच्याकडे राहिलं नाही. काकांनी तिला सांगितलं, तुला मोठा ताप आला होता.

मला अडगळीच्या खोलीत टाकलं गेलं, रंगाच्या डब्यांमागे. माझी चूक काय, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होते. पण तिच्या उशाशी मीच होते ना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसे काका आता चहा ठेवतानाही घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतात, आणि ताई म्हणते, धाकट्या, किती वारा येतोय.

परवा ती काहीतरी शोधत माझ्यापर्यंत आली. काका दारात उभे होते.

"ही कुणाची रे? कोरी दिसतेय."

"आपलीच."

"मग वापरत का नाही? एकदा हिला घेऊन कुठंतरी जाऊ या. मी कधी कुठं गेलेच नाही."

काका एका डब्यावर बसले. "गेलो होतो ताई. तळ्याकाठी. तुला थंडी वाजत होती म्हणून मीच ही तंबूत आणली. तुझं जे झालं ते तापानं नाही झालं. माझ्यामुळं झालं."

ताईनं माझ्या झाकणावरची धूळ बोटानं पुसली. मग तिनं विचारलं, "मला तिथं आवडलं होतं का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली, आणि ते हमसून हमसून रडले. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, एखाद्या लहान मुलाच्या ठेवावा तसा.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल तर तिला कोरडी ठेवा, तिची राख काढत जा, तिच्यावर हवं ते भाजून खा. पण तंबूत, गाडीत, बंद खोलीत तिला कधीही नेऊ नका. ती विझल्यासारखी दिसली तरी नेऊ नका. आपल्या माणसाला थंडी वाजत असेल तर त्याला आणखी एक पांघरूण द्या, त्याच्या जवळ बसा, त्याचे हात हातात घ्या. मला मात्र बाहेरच राहू द्या.