तिसरी बाग

शिवानीनं तूप लावलेल्या पोळीचा तुकडा दोन बोटांत धरला आणि राख्याच्या नाकासमोरून हळूच स्वतःच्या डोळ्यांपाशी नेला. बागेच्या फाटकाजवळ सीताफळांचा गाडा होता आणि गाड्याखाली एक पिवळी कुत्री झोपली होती. राख्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग शिवानीकडं. भुंकला नाही. तिनं तुकडा दिला आणि दोरी वीतभर सैल सोडली.

"एक पाऊल झालं," ती म्हणाली.

"ह्या चालीनं चकलांब्याला दिवाळीला पोचू," केदार गाडीला टेकून म्हणाला.

सकाळी परळीहून निघाल्यापासूनची ही तिसरी बाग, गेवराईची. ठराव केदारचाच होता. चकलांब्याला शेतावर त्याचा थोरला भाऊ महांतेश राहायचा. राख्याला तिथं नेऊन विहिरीपाशी साखळीला बांधायचं, हे घरात पक्कं झालं होतं. शिवानी दोन दिवस जेवली नाही, तेव्हा नवरेबुवांनी मोठेपणा दाखवला. वाटेत तीन बागा लागतात, एका तरी बागेत तुझं कुत्रं शहाण्यासारखं वागलं तर परत आणू. तीन महिने ती मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला शिकवत होती, म्हणून तिनं हे लगेच कबूल केलं. अंबाजोगाईला एका गृहस्थानं व्यायामासाठी हात वर केले आणि राख्या त्यांच्या अंगावर धावला. बीडला एका मुलीनं सेल्फीसाठी मोबाइल उंच धरला, तिथंही तेच. दोन्ही वेळा केदारनं बोटं मोजून दाखवली होती.

"त्याला वर उचललेला हात सोसत न्हाई," मागच्या सीटवरून अप्पा म्हणाले होते.

"तुमी गप बसा, अप्पा."

आणि अप्पा गप बसले होते.

अप्पा म्हणजे केदारचे वडील, भीमाशंकर. सगळं रामायण त्यांच्यापायीच. वर्षभरात राख्यानं त्यांना तीनदा पाडलं होतं. पहिल्यांदा कपाळाला खोक पडली, दुसऱ्यांदा बरगडी दुखावली. त्यानंतर शिवानीनंच राख्याला परसात बांधून ठेवायला सुरुवात केली. ती सकाळी घाटनांदूरच्या शाळेत शिकवायला जायची, ती थेट संध्याकाळी परतायची. तरी अप्पा तिसऱ्यांदा पडलेच. साखळीत पाय अडकला म्हणे. मनगट मोडलं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की केदार रोज दुपारी हार्डवेअरचं दुकान बंद करून वडिलांना जेवू घालायला घरी यायचा. गल्लीतल्या बायका आपापल्या लेकांना त्याचं उदाहरण द्यायच्या, आणि ते ऐकताना शिवानीची मान ताठ व्हायची.

नवल वाटायचं ते अप्पांचं. ज्यांना पाडलं तेच कुत्र्यासाठी तळमळत होते. आदल्या रात्री तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "पोरी, त्याला तिकडं नको सोडू. घरात असू दे." म्हाताऱ्याचं मन मोठं आहे, असं समजून ती गलबलली होती.

आता अप्पा गाड्याशेजारच्या बाकावर बसून सीताफळ खात होते. केदार जवळपास नसला की त्यांना कंठ फुटायचा. गाडेवाला पाशा काटा पुसत ऐकत होता.

"डोंगरातलं लई गोड असतंय बघ. आमी पोरं असताना टोपलं भरून आणायचो."

"हे बी डोंगरातलंच हाय, चाचा. खा निवांत. बिया टाका तिकडं, मी झाडतो मागनं."

राख्यानं दुसरं पाऊल टाकलं, मग तिसरं. पिवळी कुत्री उठली, आळस देऊन पुन्हा पडली. राख्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले, पण त्यानं मान वळवून शिवानीकडं पाहिलं. तिचा ऊर भरून आला. चार हात अंतर राहिलं होतं. त्या कुत्रीजवळून गेलं की राख्या घरी येणार होता.

उन्हं गाड्यावर आली होती. पाशानं वरची ताडपत्री ओढायला हात उंचावला.

राख्या असा उसळला की शिवानी गुडघ्यावर आपटली. दोरीनं तिचे तळवे सोलले. पाशा मागं सरला, तशी काट्यातली सीताफळं खाली गडगडली.

"तीन," केदार म्हणाला.

"त्यांनी हात वर केला म्हणून. कुत्रीला तो भुंकला का? तुमी बघितलंत ना?"

"तीन म्हणजे तीन. दे इकडं. तीन महिने पोळ्या चारल्यास, आता माझं शिक्षण बघ."

त्यानं तिच्या हातातून दोरी घेतली. राख्या अजून भुंकत होता. केदार ओरडला नाही, दोरीला हिसका दिला नाही. दोरी पायाखाली दाबली, डाव्या मनगटावरच्या स्टीलच्या घड्याळाची कडी कट्टकन उघडली, घड्याळ काढलं आणि शर्टाच्या खिशात जपून ठेवलं.

राख्याचं भुंकणं मध्येच तुटलं. त्यानं पोट जमिनीला टेकवलं, शेपूट आत घेतली आणि त्याच्याखालची माती ओली होत गेली.

"बघ," केदार म्हणाला. "एका मिनिटात."

शिवानी राख्याकडं बघत नव्हती. अप्पांचं बोलणंही त्याच क्षणी थांबलं होतं. त्यांनी हातातलं अर्धं सीताफळ बाकावर ठेवलं. दोन्ही पाय जुळवून घेतले. धोतरावर पडलेल्या बिया एकेक करून वेचून मुठीत धरल्या आणि मोडून सांधलेला हात कानावर आडवा धरला.

"न्हाई सांडत, बाळा," ते म्हणाले. "आता न्हाई सांडत. गपचीप जेवतो."

पाशा सीताफळं गोळा करायला वाकला होता, तो तसाच राहिला.

केदार हसला. "म्हाताऱ्याचं हे असंच. कुठं काय बोलतील नेम न्हाई." त्यानं खिशातून घड्याळ काढून पुन्हा मनगटावर चढवलं. मग आवाज मऊ करून म्हणाला, "चल, तुझ्यासाठी म्हणून सोडतो. शिकला तो. घरी घेऊन जाऊ परत."

म्हणजे ती जिंकली होती. राख्याला जायचं होतं परळीच्या त्याच घरी, आणि रोज सकाळी शाळेला जाताना त्याला परसात साखळीला बांधायचं काम तिचं. ती साखळी तिनं स्वतः बाजारातून निवडून आणली होती, चांगली जाड बघून. कुत्रं मध्ये पडू नये याची सोय तिनंच करून दिली होती.

ती उठली आणि अप्पांपुढं जाऊन बसली. त्यांची मूठ उघडायला तिला वेळ लागला. बिया तळव्यात रुतल्या होत्या.

"अप्पा, तुमाला कुणी पाडलं?"

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते केदारच्या मनगटाकडं बघत होते.

"कुत्र्यानं," ते म्हणाले.

राख्या सरपटत आला आणि त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून पडला. अप्पांनी त्याला हात लावला नाही.

शिवानी वळली आणि सोललेला तळवा केदारपुढं धरला.

"गाडीची चावी द्या."

"कावून?"

"अप्पांना आणि राख्याला चकलांब्याला घेऊन जाते. तुमी बसनं परळीला जा."

"डोकं फिरलं का तुझं?"

केदारचा उजवा हात घड्याळाच्या कडीकडं गेला. मग पाशा आपल्याकडंच बघतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि हात तिथंच थांबला. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. शिवानीनं तळवा मागं घेतला नाही.